लैंगिक आकर्षण वाटतच नाही, हा आजार आहे का? ‘असेक्शुअल’ असणं म्हणजे काय, समजून घ्या

इंजिनीअरिंगच्या होस्टेलमध्ये रात्री अकरानंतर गप्पांचा विषय ठरलेला असायचा. कोणाला कोण आवडते, कोणाचं कुठवर आलंय, कोणाच्या मोबाइलमध्ये काय आहे. आमच्या मजल्यावरचा एक मित्र या गप्पांत बसायचा, हसायचा, चहाचे पैसेही भरायचा. पण त्याची पाळी आली की म्हणायचा, ‘मला नाही बुवा तसं काही वाटत.’ आम्ही त्याचं नाव ‘महाराज’ ठेवलं. चार वर्षं ते नाव टिकलं.

२६व्या वर्षी त्याचं लग्न झालं. रीतसर ठरवून, दोन्ही घरच्यांच्या पसंतीने. तीन वर्षांच्या आत परस्पर संमतीने घटस्फोट झाला. भांडणं नव्हती, व्यसन नव्हतं, बाहेर कोणी नव्हतं. ‘तिला वाटायचं तिच्यात काहीतरी कमी आहे. मला वाटायचं माझ्यात. दोघंही गप्प बसायचो,’ असं तो मध्यंतरी म्हणाला. ‘असेक्शुअल’ हा शब्द त्याला घटस्फोटानंतर भेटला, एका रात्री मोबाइल चाळताना. (त्याच्या परवानगीने हे लिहीत आहे. ओळख पटेल असा तपशील टाळला आहे.)

हा शब्द लग्नाआधी माहीत असता तर? लग्न कदाचित झालं नसतं, किंवा झालंही असतं, पण वेगळ्या बोलण्याने. निदान दोन माणसांनी स्वतःला दोष देत तीन वर्षं काढली नसती. म्हणूनच हा शब्द नीट समजून घेऊ.

असेक्शुअल म्हणजे नेमकं कोण?

ज्या व्यक्तीला इतर कोणाहीबद्दल, स्त्री असो वा पुरुष, लैंगिक आकर्षण वाटत नाही किंवा फारच क्वचित वाटतं, ती असेक्शुअल. भिन्नलिंगी, समलिंगी आणि उभयलिंगी हे जसे लैंगिक कल आहेत, तसाच हाही एक कल. आकर्षण ‘कोणाकडे’ जातं, या प्रश्नाचं याचं उत्तर ‘कोणाकडेच नाही’ असं आहे.

इथे तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. आपण त्या एकाच पिशवीत टाकतो आणि गोंधळ होतो.

• आकर्षण: एखाद्या विशिष्ट व्यक्तीकडे पाहून तिच्याशी शारीरिक जवळीक हवीशी वाटणं.

• कामेच्छा: शरीरात निर्माण होणारी इच्छा. ती कोणा व्यक्तीकडे वळलेली असेलच असं नाही.

• वर्तन: प्रत्यक्ष शरीरसंबंध ठेवणं किंवा न ठेवणं.

असेक्शुअल व्यक्तीत पहिली गोष्ट नसते किंवा नगण्य असते. दुसरी काहींमध्ये असते, काहींमध्ये नसते. तिसरी परिस्थितीवर आणि त्या व्यक्तीच्या निर्णयावर अवलंबून असते. जोडीदारासाठी किंवा मूल हवं म्हणून शरीरसंबंध ठेवणारे असेक्शुअल लोक आहेत. अजिबात न ठेवणारेही आहेत. काहींना त्या कल्पनेनेच नकोसं वाटतं, तर काहींना त्याचं काहीच वाटत नाही.

एक साधं उदाहरण घ्या. आयपीएलची मॅच सुरू आहे, अख्खी सोसायटी टीव्हीपुढे बसली आहे. घरातल्या एकाला क्रिकेटचं काहीच वाटत नाही. त्याला नियम माहीत आहेत, घरच्यांसोबत तो बसेलही, वडे खाईल, कोण जिंकलं ते विचारेल. त्याला क्रिकेटचा राग नाही, त्याने क्रिकेट न पाहण्याचं व्रत घेतलेलं नाही आणि डोळेही ठणठणीत आहेत. त्याला फक्त ओढ नाही. लैंगिकता क्रिकेटपेक्षा कितीतरी खोलवरची गोष्ट आहे, हे खरं. पण ‘ओढ नसणं’ म्हणजे काय, एवढं समजायला हे उदाहरण पुरेसं आहे.

मराठीत याला काय म्हणायचं?

‘अलैंगिक’ हा शब्द आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांना तो पहिल्यांदा भेटतो तो दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात. अमिबाचं द्विविभाजन, हायड्राचं कलिकायन, म्हणजेच ‘अलैंगिक प्रजनन’. त्यामुळे एखाद्याने घरी ‘मी अलैंगिक आहे’ असं सांगितलं, तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे अमिबा येण्याचीच शक्यता जास्त.

काहीजण लैंगिक कल म्हणून ‘अलैंगिकता’ वापरतात, काही थेट ‘असेक्शुअल’ म्हणतात. इंग्रजीतल्या शब्दाचं लाडकं रूप आहे ‘एस’. पत्त्यांतल्या एक्क्यालाही इंग्रजीत तोच शब्द आहे, म्हणून एक्का हे या समुदायाचं एक चिन्ह झालं. काळा, करडा, पांढरा आणि जांभळा अशा चार पट्ट्यांचा झेंडा २०१० मध्ये ठरला. उजव्या हाताच्या मधल्या बोटात काळी अंगठी घालण्याचीही पद्धत आहे.

शब्दांचं हे प्रकरण किरकोळ वाटेल, पण तसं नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत चालवलं. कामजीवनाबद्दल मराठीत, लाज न बाळगता, शास्त्राच्या आधारे बोलता येतं हे त्यांनी खटले अंगावर घेऊन दाखवलं. ज्या भाषेत हे सगळं शंभर वर्षांपूर्वी छापलं गेलं, त्या भाषेत आजही या विषयावर बोलायची वेळ आली की आपण कुजबुजतो किंवा इंग्रजीत शिरतो.

मग हे ब्रह्मचर्य आहे का? की नपुंसकता?

दोन्ही नाही. सर्वाधिक गल्लत इथेच होते.

• ब्रह्मचर्य हा निर्णय आहे. आकर्षण वाटत असूनही धर्म, साधना, ध्येय किंवा इतर कारणांनी शरीरसंबंध न ठेवण्याचा. असेक्शुअल असणं कोणी ठरवून निवडत नाही. म्हणूनच न लग्न केलेल्या प्रत्येक संत, क्रांतिकारक किंवा समाजसेवकाला मागाहून हे लेबल लावणंही चुकीचं.

• नपुंसकता ही शारीरिक क्षमतेची अडचण आहे. इच्छा आणि आकर्षण असतं, पण शरीर साथ देत नाही. असेक्शुअल व्यक्तीचं शरीर सहसा व्यवस्थित काम करतं.

• वंध्यत्वाचा संबंध मूल होण्याशी आहे. असेक्शुअल असण्याशी त्याचं देणंघेणं नाही.

• लैंगिक अत्याचाराच्या अनुभवानंतर शरीरसंबंधाची भीती बसू शकते. तिला मदतीची गरज असते. पण प्रत्येक असेक्शुअल व्यक्तीमागे असा अनुभव असेलच, असं गृहीत धरता येत नाही.

• ‘अजून योग्य माणूस भेटला नसेल’ हे वाक्य जवळपास प्रत्येक असेक्शुअल व्यक्तीने ऐकलेलं असतं. भिन्नलिंगी पुरुषाला ‘तुला अजून योग्य पुरुष भेटला नसेल’ असं आपण म्हणतो का?

अशा व्यक्तींना प्रेम होतं का?

होतं. सगळ्यांना नाही, पण अनेकांना होतं. लैंगिक आकर्षण आणि प्रेमाची ओढ या दोन गोष्टी बहुतेकांच्या आयुष्यात एकत्र येतात, त्यामुळे त्या एकच वाटतात. प्रत्यक्षात त्या वेगळ्या असू शकतात. एखाद्या मुलीला एखादा मुलगा मनापासून आवडतो. त्याचा फोन आला की तिचा दिवस चांगला जातो, त्याच्यासोबत म्हातारं व्हावं असं वाटतं. फक्त त्यात शरीरसंबंधाची ओढ नसते. ती असेक्शुअल आहे, पण प्रेमशून्य नाही.

ज्यांना प्रेमाचीही, म्हणजे जोडीदार असण्याचीच ओढ वाटत नाही, त्यांच्यासाठी ‘अरोमँटिक’ हा वेगळा शब्द आहे. मैत्री, माया, घरच्यांबद्दलची काळजी हे सगळं त्यांच्याकडेही असतंच.

मधल्या छटाही आहेत. भावनिक नातं घट्ट झाल्यावरच ज्यांना आकर्षण वाटू लागतं, ते ‘डेमीसेक्शुअल’. क्वचित किंवा फार कमी तीव्रतेने वाटतं, ते ‘ग्रे-असेक्शुअल’. इतके शब्द कशाला, असं वाटू शकतं. पण शब्द ज्याच्या उपयोगाचा असतो, त्याला तो पुरेसा असतो. बाकीच्यांनी पाठ करायची गरज नाही.

विज्ञान काय सांगतं?

अमेरिकेतले संशोधक आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ मध्ये पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचा गाजलेला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ० ते ६ अशी पट्टी वापरली. ० म्हणजे पूर्ण भिन्नलिंगी, ६ म्हणजे पूर्ण समलिंगी. पण काही माणसं या पट्टीवर बसेनात. त्यांच्यासाठी ‘एक्स’ असा वेगळा रकाना करावा लागला. पुढची अनेक वर्षं त्या ‘एक्स’कडे फारसं कोणी पाहिलं नाही.

१९८० मध्ये मानसशास्त्रज्ञ मायकल स्टॉर्म्स यांनी या पट्टीतली अडचण दाखवली. आम्हा इंजिनीअरिंगवाल्यांना ती चटकन कळते. किन्सींची पट्टी म्हणजे एकच अक्ष. एकीकडे सरकलात की दुसऱ्या टोकापासून लांब गेलात. स्टॉर्म्स यांनी दोन अक्ष घेतले: आडव्यावर भिन्नलिंगी आकर्षण, उभ्यावर समलिंगी आकर्षण. आता आलेखाचे चार भाग होतात. दोन्ही जास्त असतील तर उभयलिंगी, एकच जास्त असेल तर भिन्नलिंगी किंवा समलिंगी, आणि दोन्ही शून्याजवळ असतील तर असेक्शुअल. एका अक्षावर जागाच नसलेल्या माणसाला दुसरा अक्ष काढताच जागा मिळाली.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड जे या कॉलेजच्या विद्यार्थ्याने ‘एव्हन’ ही वेबसाइट सुरू केली. जगभरातले असेक्शुअल लोक पहिल्यांदाच इतक्या मोठ्या संख्येने एकमेकांशी बोलू लागले, ते तिथे.

२००४ मध्ये कॅनडातले प्राध्यापक अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या सर्वेक्षणाची आकडेवारी तपासली. त्यात १८ हजारांहून अधिक लोक होते. ‘मला कधीच कोणाबद्दल लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही’ हा पर्याय साधारण १ टक्का लोकांनी निवडला होता. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त होत्या.

हा १ टक्का सगळीकडे उद्धृत होतो, त्यामुळे एक खबरदारी. हा एका देशातला, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा, एका विशिष्ट प्रश्नाला मिळालेला प्रतिसाद आहे. त्याला महाराष्ट्राच्या लोकसंख्येने गुणून ‘आपल्याकडे इतके लाख’ असं जाहीर करणं चूक ठरेल. त्यातून एवढंच कळतं की अशी माणसं दुर्मीळ असली तरी अपवादात्मक नाहीत. शाळेत, ऑफिसात, नात्यात त्यातलं कोणीतरी आपल्या ओळखीचं असण्याची शक्यता चांगलीच आहे.

शरीराचं काय? कॅनडातल्या लोरी ब्रोटो आणि मोरॅग यूल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असेक्शुअल स्त्रियांची इतर स्त्रियांशी तुलना केली होती. प्रयोगशाळेत मोजलेल्या शारीरिक प्रतिसादात फरक आढळला नाही. यंत्रणा बिघडलेली नाही, हे त्यातून दिसतं.

हा मानसिक आजार मानला जातो का?

पूर्वी अशा व्यक्तींना ‘कामेच्छेच्या अभावाचा विकार’ या सदरात टाकलं जाण्याचा धोका होता. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका जगभर वापरली जाते. तिची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. एखादी व्यक्ती स्वतःची ओळख असेक्शुअल अशी सांगत असेल आणि इच्छेचा अभाव त्यातूनच समजण्यासारखा असेल, तर विकाराचं निदान करू नये, असं त्यात नमूद झालं. त्या व्यक्तीला स्वतःला त्रास होतो का, हा कळीचा मुद्दा ठरला.

‘त्रास’ या शब्दातही मेख आहे. आपल्याला आकर्षण वाटत नाही याचा त्रास वेगळा, आणि ‘तुझं काहीतरी बिघडलंय’ असं चारी बाजूंनी ऐकावं लागतं याचा त्रास वेगळा. दुसऱ्या त्रासाचं औषध त्या व्यक्तीला देऊन उपयोग नाही.

मग डॉक्टरांकडे जायचंच नाही का?

तसं नाही. आधी आकर्षण किंवा इच्छा होती आणि ती अचानक किंवा हळूहळू कमी झाली, तर जरूर जावं. थायरॉइडचे विकार, टेस्टोस्टेरॉनची कमतरता, मधुमेह, नैराश्य, सततचा ताण, काही गोळ्या (नैराश्यावरच्या काही औषधांसह) अशी त्याची अनेक कारणं असतात आणि त्यांवर उपचार आहेत. जे किशोरवयापासून तसंच आहे, बदललेलं नाही आणि ज्याचा त्या व्यक्तीला स्वतःला त्रास नाही, ते वेगळं.

प्रश्न आहे तो कोणत्या डॉक्टरकडे जायचं याचा. माझ्या मित्राने लग्नानंतर गाठलं ते एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर जाहिरात रंगवलेलं ‘क्लिनिक’. तपासणी न करताच त्याला तीन महिन्यांची पुडकी मिळाली आणि खिशातून २२ हजार रुपये गेले. पुढे एका रीतसर डॉक्टरने रक्त तपासलं. सगळे आकडे योग्य मर्यादेत होते. ‘रिपोर्ट नॉर्मल आल्यावर आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. कारण आता कारणच उरलं नव्हतं,’ असं तो सांगतो.

लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. भिंतींकडे पाहून ते खरं वाटत नाही. तसंच, कोणाचाही लैंगिक कल ‘बदलून देण्याचे’ उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे. असा ‘इलाज’ कोणी सांगत असेल तर तिथून उठून यावं.

खरा पेच लग्नात का होतो?

कारण आपल्याकडे लग्न हा प्रश्न नसतो, ती तारीख असते. शिक्षण, नोकरी, मग लग्न. ‘बघण्याच्या’ कार्यक्रमात पॅकेज विचारलं जातं, फ्लॅटचा हप्ता विचारला जातो, मांसाहार चालतो का, रक्तगट कोणता, हेही विचारलं जातं. शारीरिक जवळिकीबद्दल तुझ्या अपेक्षा काय, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही. ते ‘लग्नानंतर आपोआप’ व्हायचं असतं.

मुलग्याच्या वाट्याला यात येते ती चेष्टा. मुलींकडे पाहत नाही म्हणजे ‘साधा’, मग ‘महाराज’, मग ‘याच्यात काही आहे की नाही?’ मर्दानगीची सगळी परीक्षा एकाच पेपरवर.

मुलीची गोष्ट उलटी आणि जास्त अवघड. तिला इच्छा नसणं हे संस्कारात मोजलं जातं. लग्नाआधी तिचं कौतुक होतं. लग्नानंतर तोच स्वभाव ‘लाजते आहे, रुळेल’ या सदरात जातो. मग ‘नवऱ्याला खूश ठेवायला हवं’ असा सल्ला येतो, बहुतेकदा घरातल्याच मोठ्या बायकांकडून. आपल्याला कधी काही वाटलंच नाही, हे सांगायला तिच्याकडे जागा नसते. तिच्या ‘नाही’ला तर कोणी नकार म्हणूनही ऐकत नाही.

आणि जोडीदाराचं काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. लग्नात शारीरिक जवळीक हवी असणं ही काही अवाजवी मागणी नाही. रोज रात्री पाठ फिरवून झोपलेल्या माणसाकडे पाहत ‘मी आवडत नाही का? माझ्यात काय कमी आहे?’ असं विचारत राहणं ही मोठी शिक्षा आहे. यात खलनायक कोणीच नसतो. दोघांनाही माहिती नसते आणि त्याची किंमत दोघंही मोजतात.

असेक्शुअल व्यक्तीचं लग्न यशस्वी होऊच शकत नाही, असं मात्र नाही. दोघंही असेक्शुअल असलेली जोडपी आहेत. एक असेक्शुअल आणि एक नसलेला, पण आधी मोकळं बोलून, मर्यादा ठरवून एकत्र राहणारी जोडपीही आहेत. फरक एकाच गोष्टीने पडतो: सांगितलं कधी?

कायदा काय म्हणतो?

भारतीय विवाह कायद्यांत ‘असेक्शुअल’ हा शब्द नाही. त्यामुळे अशी प्रकरणं दुसऱ्याच नावांनी कोर्टात येतात.

• हिंदू विवाह कायदा, १९५५: जोडीदाराच्या नपुंसकतेमुळे शरीरसंबंध झालाच नसेल, तर कलम १२ नुसार विवाह रद्द करून मागता येतो.

• विशेष विवाह कायदा, १९५४: जोडीदाराने शरीरसंबंधाला हेतुपुरस्सर नकार दिला, हेही कलम २५ नुसार विवाह रद्द करण्याचं कारण आहे.

• क्रूरता: शारीरिक अडचण किंवा सबळ कारण नसताना दीर्घकाळ एकतर्फी शरीरसंबंध नाकारणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये समर घोष खटल्यात म्हटलं. २०१४ मध्ये विद्या विश्वनाथन खटल्यातही तीच भूमिका होती.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये एका तरुण जोडप्याचा विवाह रद्द ठरवला. लग्नानंतर १७ दिवसांतच ते वेगळे झाले होते. न्यायालयाने ‘सापेक्ष नपुंसकता’ ही संकल्पना वापरली, म्हणजे माणूस एरवी सक्षम असला तरी विशिष्ट जोडीदारासोबत संबंध ठेवू न शकणं. अशा जोडप्यांच्या वेदनेकडे दुर्लक्ष करता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. या प्रकरणाला असेक्शुअल म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण लग्नातली ही घुसमट कायद्यापुढे येते तेव्हा तिच्यासाठी हाताशी कोणते शब्द असतात, ते यातून दिसतं: ‘नपुंसक’, ‘क्रूर’ किंवा ‘हेतुपुरस्सर नकार देणारा’. असेक्शुअल व्यक्ती यातलं काहीच नसते.

दुसरी बाजू संमतीची. पत्नी १८ वर्षांहून मोठी असेल तर पतीने केलेली लैंगिक बळजबरी बलात्काराच्या व्याख्येत येत नाही. हा अपवाद भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही कायम आहे. मात्र २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे, त्यामुळे तिथे दाद मागता येते.

लैंगिक कल हा माणसाच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या पुट्टास्वामी निकालात आणि २०१८ मध्ये कलम ३७७ बाबतच्या निकालात स्पष्ट केलं आहे. पण असेक्शुअल व्यक्तींचा थेट उल्लेख करून संरक्षण देणारे कायदे जगातही कमीच. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने २००३ मध्ये अमलात आणलेल्या भेदभावविरोधी कायद्यात लैंगिक कलाच्या व्याख्येत असेक्शुअल असणंही धरलं आहे.

भारतात यावर कोणी काम करतं का?

हो. डॉ. प्रगती सिंह यांनी ‘इंडियन एसेस’ हा गट सुरू केला. असेक्शुअल लोकांना एकमेकांना भेटता यावं, शरीरसंबंधांची अपेक्षा नसलेला जोडीदार शोधता यावा, यासाठी त्यांनी भेटीगाठीही घडवून आणल्या. २०१९ मध्ये बीबीसीच्या जगभरातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव होतं.

एलजीबीटीक्यूआयए+ या नावातला ‘ए’ असेक्शुअल लोकांचा. ६ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय असेक्शुअलिटी दिन म्हणून पाळला जातो आणि ऑक्टोबरच्या शेवटी जागरूकता सप्ताह असतो. वेब सिरीजमध्येही अशी पात्रं दिसू लागली आहेत. ‘बोजॅक हॉर्समन’मधला टॉड हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव.

घरात कोणी सांगितलं तर काय करायचं?

• आधी पूर्ण ऐकून घ्या. ‘असं काही नसतं’ हे पहिलं वाक्य नको.

• ‘लग्न झालं की होईल सगळं ठीक’ हा उपाय नाही. त्यात दुसऱ्या घरातलं एक माणूस नकळत ओढलं जातं.

• खासगी प्रश्न विचारू नका. तुमच्या शयनगृहाबद्दल कोणी विचारलेलं तुम्हाला चालेल का?

• ती गोष्ट तुमच्यापाशीच ठेवा. मावशीला, काकूला सांगायची की नाही, हे त्या व्यक्तीने ठरवायचं.

• आणि तुम्हालाच असं वाटत असेल, तर आज लगेच लेबल लावण्याची घाई नाही. पण साखरपुड्याआधी समोरच्या व्यक्तीशी मोकळं बोला. अवघड जाईल. लग्नानंतर त्याहून अवघड जातं.

• फार एकटं वाटत असेल, मनात टोकाचे विचार येत असतील, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

माझ्या मित्राने शब्द सापडल्यावर पहिला फोन कोणाला केला असेल? आधीच्या बायकोला. आता तिचं दुसरं लग्न झालं आहे. तो म्हणाला, ‘एक गोष्ट सांगायची होती. तुझ्यात काहीच कमी नव्हतं.’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘हे तेव्हा कळलं असतं तर मी आरशात बघायची बंद झाले नसते रे.’

होस्टेलच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं नाव अजून बऱ्याच जणांकडे ‘महाराज’ म्हणूनच सेव्ह होतं. हा लेख लिहायला बसण्याआधी मी माझ्या फोनमध्ये ते बदललं.